जुलैत हरलेला हंगाम : मुंबईतल्या एका कॉलेज फुटबॉल संघाचं प्रकरण

(कॉलेज, स्पर्धा आणि माणसं ओळखता येऊ नयेत म्हणून नावं व काही तपशील बदलले किंवा गाळले आहेत.)

पार्श्वभूमी

मध्य रेल्वेच्या पट्ट्यातलं हे पदवी कॉलेज. स्वतःचं मैदान नाही. इमारतीमागच्या फरसबंद अंगणात बास्केटबॉलचे दोन खांब आहेत, तेवढंच. जिमखान्याची जबाबदारी कॉमर्सच्या एका प्राध्यापकांकडे, तर प्रशिक्षक बाहेरचे, आठवड्यातून तीन सकाळी येणारे आणि प्रत्येक सत्राचं मानधन घेणारे. आदल्या वर्षी संघाने विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत बऱ्यापैकी मजल मारली होती. त्या संघातल्या पहिल्या अकरापैकी सात जण टीवायला (तिसऱ्या वर्षाला) होते आणि मे महिन्यात कॉलेजातून बाहेर पडले. मधली फळी आणि बचाव जवळजवळ रिकामा झाला.

नवा संघ जुलैच्या मध्यात निवडला गेला. मुंबईत त्या दिवसांत मैदानावर उभं राहायची सोय नसते. चिखल, साचलेलं पाणी आणि बुटाला चिकटणारी माती. म्हणून निवडचाचणी टर्फवर घेतली : कृत्रिम गवत, जाळीने बंदिस्त, साधारण ३० बाय २० मीटर, पाच विरुद्ध पाच, दहा-दहा मिनिटांचे डाव. साठेक मुलं आली आणि बावीस निवडली गेली. दोन कीपर सोडले तर उरलेल्या विसांपैकी अकरा जण विंगर (कडेने हल्ला करणारे) किंवा अटॅकिंग मिडफिल्डर (मधल्या फळीतून हल्ला रचणारे) होते. सेंटर-बॅक (मधला बचावपटू) म्हणून शाळेत किंवा क्लबात खेळलेले फक्त दोघं. या आकड्याकडे तेव्हा कोणी पाहिलं नाही. सगळ्यांनी मुलांच्या पायातली जादू पाहिली. ती खरोखरच होती.

हंगाम असा : दहा कॉलेजांची एक निमंत्रित लीग, प्रत्येकाशी एक सामना, म्हणजे नऊ सामने. बहुतेक रविवारी, ३५-३५ मिनिटांचे. त्यानंतर विद्यापीठाची बाद फेरीची स्पर्धा.

अडचण

पहिले पाचही सामने हरले : १-२, ०-३, २-४, ०-२, ०-३. तीन गोल केले, चौदा खाल्ले.

दुसऱ्या सामन्यानंतरच कुजबुज सुरू झाली. व्हॉट्सॲप ग्रुपवर रविवारी रात्री कीपरचे ‘क्लिप’ फिरू लागले, खाली हसणारे चेहरे. तो मुलगा पुढच्या दोन सरावांना आलाच नाही. कॅप्टनने फोन केल्यावर त्याचं म्हणणं एवढंच होतं, “कॅप, कॉर्नरला मला पुढचं काही दिसतच नाही. मागून आवाज द्यायला कोणी असतं का?” तक्रार मुद्द्याची होती. पण तिचा अर्थ लावायला आणखी तीन पराभव जावे लागले.

टर्फवर वाढलेल्या मुलांचं काय होतं, ते इथे सविस्तर सांगायला हवं, कारण मुंबईतल्या निम्म्या कॉलेज संघांचं दुखणं हेच आहे. ३० बाय २० मीटरच्या टर्फवर दहा खेळाडू असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ६० चौरस मीटर जागा येते. १०० बाय ६४ मीटरच्या पूर्ण मैदानावर बावीस खेळाडू असतात, तरी वाट्याला २९० चौरस मीटर येतात. जवळपास पाचपट. टर्फवर बॉल हरवला की दोन पावलांत परत मिळवता येतो. मैदानावर तीच चूक ४० मीटर मागे धावायला लावते. टर्फवर ऑफसाइड नाही, हेडरचं काम जवळपास नाही, जाळीमुळे बॉल बाहेर जात नाही, म्हणून थ्रो-इनही नाही. या संघाचे पहिल्या दोन सामन्यांत पाच थ्रो-इन ‘फाउल’ ठरले, कारण मागचा पाय उचलला जात होता. कीपरची गत तर याहून वाईट. छोट्या टर्फचा गोल साधारण ३ बाय २ मीटरचा, म्हणजे ६ चौरस मीटर. मोठा गोल ७.३२ बाय २.४४, म्हणजे १८ चौरस मीटरच्या आसपास. तिप्पट दार राखायचं, आणि वरून येणाऱ्या बॉलवर उडी मारायची सवयच नाही.

दुसरी अडचण घड्याळाची होती. लेक्चर सकाळी लवकर, म्हणून सराव सव्वासहा ते पावणेआठ. बदलापूर, टिटवाळ्याहून येणारी चार मुलं पहाटेची लोकल पकडून, बहुतेक वेळा फक्त चहा पिऊन यायची. रजिस्टरवर बावीस, मैदानात तेरा-चौदा. तिसऱ्या सामन्याच्या रविवारी मेगाब्लॉक होता. चार जण पोहोचले तेव्हा सामना सुरू व्हायला दहा मिनिटं राहिली होती. नियमानुसार सात खेळाडू असले की सामना सुरू करता येतो, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला किंवा रेफ्रीला थांबायचं कारण नव्हतं. हे चौघं वॉर्मअपशिवाय उतरले. त्यातल्या डाव्या विंगरची मांडीमागची शीर विसाव्या मिनिटाला धरली.

पर्याय

दुसऱ्या सामन्यानंतर एक निर्णय घाईने झाला होता : ४-३-३ (मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन) सोडून ३-५-२ खेळायचं. कारणं दोन. विंगर जास्त आहेत, तर त्यांना बसवायचं कशाला. आणि मधल्या फळीत पाच माणसं असली की बॉल आपल्याकडे राहील. कागदावर पटण्यासारखं होतं. प्रत्यक्षात विंगबॅकने, म्हणजे कडेने बचाव आणि हल्ला दोन्ही करणाऱ्याने, सत्तर मिनिटं वर-खाली करायचं असतं, आणि ते काम टर्फवर कधीच न केलेल्या मुलांना दिलं गेलं. ती वर गेली की परत येत नव्हती. तीन बॅकपैकी एक जण मुळात मिडफिल्डर होता. या आखणीत तीन सामन्यांत नऊ गोल खाल्ले.

पाचव्या पराभवानंतर जिमखान्याच्या खोलीत बैठक झाली. प्राध्यापक, प्रशिक्षक, कॅप्टन आणि दुखापतीमुळे बाहेर बसलेला एक राखीव खेळाडू. तोपर्यंत चार सूचना पुढे आल्या होत्या.

प्रशिक्षक बदलणं ही पहिली. कॉलेजच्या वरच्या मजल्यावरून आलेली, म्हणून तिला वजन होतं. पण हंगामाच्या मध्यात त्याच मानधनात येणारा दुसरा माणूस मुलांची नावं शिकेपर्यंत लीग संपली असती.

कॅप्टन बदलणं ही दुसरी. ग्रुपवर तिचाच जोर होता. तिसरी, लीगमधून माघार घेऊन फक्त विद्यापीठाच्या स्पर्धेची तयारी करायची. हा पर्याय जितका भित्रा वाटतो तितका नव्हता, कारण मुलांची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली घसरत होती आणि सेमिस्टर परीक्षा तोंडावर होती. चौथी सूचना, ओळखीच्या क्लबमधले दोन-तीन तगडे बॅक ‘कसंही करून’ घ्यायचे. ती प्राध्यापकांनी तिथल्या तिथे मोडीत काढली. प्रवेश नसलेला एक खेळाडू सापडला तरी सामना जातो आणि कॉलेजवर बंदी येऊ शकते. इथे त्यांनी एक मिनिटही चर्चा होऊ दिली नाही, हे बरं झालं.

बैठकीची दिशा बदलली ती त्या राखीव खेळाडूमुळे. बाकावर बसून त्याने पाचही सामन्यांच्या गोलांची नोंद फुलस्केप कागदावर ठेवली होती : कितवं मिनिट, बॉल कुठे आणि कोणाकडून गेला, गोल कसा झाला, मारणाऱ्याच्या सर्वांत जवळ आपला कोण होता. चौदा ओळी. बेरीज केली तेव्हा चित्र असं निघालं : कॉर्नर आणि फ्रीकिकवर सहा; आपला हल्ला तुटल्यावर फुलबॅक (कडेचा बचावपटू) किंवा विंगबॅकच्या मागच्या मोकळ्या जागेतून पाच; कीपरकडे दिलेल्या आखूड पासवर दोन; पेनल्टी एक. वेळ पाहिली तर पहिल्या हाफमध्ये चार, मधल्या पंधरा मिनिटांत दोन आणि पन्नासाव्या मिनिटानंतर आठ.

ज्या कीपरवर सगळं खापर फुटत होतं, त्याच्या नावावर सरळ लागणाऱ्या चुका दोनच होत्या, आणि त्यातही पास देणारा दुसराच होता. कॉर्नर-फ्रीकिकवरच्या गोलांसमोर ‘सर्वांत जवळ कोण’ या रकान्यात सहापैकी चार वेळा ‘कोणी नाही’ असं लिहिलेलं होतं.

काय केलं

माघार घ्यायची नाही, कॅप्टन तोच, प्रशिक्षक तेच असं ठरलं. परीक्षा आणि दिवाळी मिळून पाच आठवडे सामने नव्हते. कामं दोनच निवडली : डेड बॉल (कॉर्नर, फ्रीकिकसारखे थांबलेल्या बॉलवरचे प्रसंग) आणि शेवटची वीस मिनिटं. हल्ला, पासिंग, ‘आपला खेळ’ हे सगळं बाजूला ठेवलं. काही मुलांना हे अपमानास्पद वाटलं. एक विंगर म्हणाला, “सर, मग आम्ही खेळायचं कधी?” प्रशिक्षकांनी उत्तर दिलं, “बॉल आपल्याकडे आला की. आधी तो आपल्या जाळीतून काढायचं थांबव.”

आखणी ४-४-२ झाली, दोन सरळ ओळी. मिडफिल्डच्या दोन्ही कडेच्या मुलांना एकच नियम : आपल्या बाजूचा फुलबॅक पुढे गेला तर आपण मागे थांबायचं. दोघांनी एकदम वर जायचं नाही.

कॉर्नरवर आधी प्रत्येकाने एकेक माणूस धरायचा प्रकार होता. धक्काबुक्कीत माणूस सुटला की गोल. नवी रचना अशी : जवळच्या खांबापाशी एक, गोलपासून साडेपाच मीटरवरच्या छोट्या चौकटीच्या रेषेवर तिघं, जवळच्या खांबासमोर, मधोमध आणि लांबच्या खांबासमोर, चौघं समोरच्यांचे उंच खेळाडू अडवायला, बॉल जिंकायला नव्हे तर त्यांची धाव मोडायला, एक जण मोठ्या चौकटीच्या काठावर, परत येणाऱ्या बॉलसाठी, आणि एक फॉरवर्ड मध्यरेषेपाशी, म्हणजे त्यांचे दोन बॅक मागेच अडकतात. दहा झाले. हेडर चांगला म्हणून मधल्या जागेवर नेमलेला मुलगा उंचीने संघात पाचवा होता. उंची नव्हे, बॉलकडे पुढे झेपावायची तयारी पाहिली. कीपर बाहेर येणार असेल तर ‘कीपर!’ अशी हाक, नसेल तर ‘अवे!’, हाक आली नाही तर बॉल त्याचा नाही असं समजून मारायचा.

मैदानाचा प्रश्न उरलाच. पूर्ण मैदानाचं भाडं पंधरवड्यातून एकदाच परवडत होतं. बाकी सराव सार्वजनिक मैदानाच्या एका कोपऱ्यात, क्रिकेटची नेट लागायच्या आधी. तिथे फक्त मोठी चौकट आखली : ४०.३२ मीटर रुंद, १६.५ मीटर खोल. फक्कीची एक पिशवी, मोजायची टेप आणि दोन बांबू ७.३२ मीटरवर रोवून गोल. आखायला पहिल्या दिवशी पाऊण तास गेला, नंतर खुणेचे दगड असल्यामुळे दहा मिनिटं. डेड बॉलच्या सरावाला याहून मोठी जागा लागत नाही, ही गोष्ट सप्टेंबरमध्येच सुचायला हवी होती.

सरावाचा क्रमही उलटा केला. कॉर्नर पूर्वी सुरुवातीला, ताज्या पायांनी व्हायचे. आता शेवटच्या पंधरा मिनिटांत, दोन्ही बाजूंनी बारा-बारा. गोल थकल्यावर होत होते, म्हणून सरावही थकल्यावर. त्याआधी चार मिनिटांचे चार डाव, चार विरुद्ध चार, पूर्ण जोराने, मध्ये तीन-तीन मिनिटं हलकं धावणं. हे आठवड्यातून दोनदाच. सामन्याच्या आधीचे दोन दिवस असा जोराचा व्यायाम नाही. वॉर्मअपला फिफाने तयार केलेला ‘११+’ हा वीसेक मिनिटांचा क्रम घेतला : हळू धावणं, मग ताकद-तोल-उड्यांचे प्रकार, शेवटी वेगात धावणं. त्यातला गुडघ्यावर बसून अंग हळूहळू पुढे सोडायचा प्रकार मांडीमागच्या स्नायूंसाठी. पहिल्या आठवड्यात तीन ते पाच वेळाच, नाहीतर दोन दिवस जिना उतरवत नाही आणि मुलं तो प्रकार कायमचा सोडून देतात.

दिवाळीत निम्मी मुलं गावी गेली. त्यांना प्रत्येकी एक कागद दिला, आठवड्यातून तीन धावांचा. कोणी किती केलं याची खात्री नाही. रत्नागिरीकडे गेलेला एक बॅक मात्र घाटात धावून आल्याचं पहिल्याच सरावात कळलं.

बाकीचे बदल किरकोळ वाटतील, पण गुण यांनीच मिळवले. शनिवारी दुपारी मेगाब्लॉकची घोषणा पाहून कॅप्टन प्रत्येक लाइनसाठी वेगळी निघायची वेळ टाकू लागला. जमायचं सामन्याच्या सव्वा तास आधी. सामन्याच्या अडीच-तीन तास आधी पोहे-केळं किंवा चपाती-भाजी. स्टेशनवरचा वडापाव सामन्यानंतर. पाण्यासोबत ओआरएस, एका लिटरचं पाकीट एकाच लिटरमध्ये. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट टाकायची चूक सर्रास होते. पाकीट नसेल तर लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. ग्रुपवर सामन्याची चर्चा मंगळवारपर्यंत बंद. प्राध्यापकांनी सामन्यांचं वेळापत्रक विभागप्रमुखांना आगाऊ दिलं आणि हजेरीच्या सवलतीची पत्रं दर सोमवारी स्वतः गोळा केली. आधी ती मुलांच्या बॅगेत महिनाभर पडून असायची.

निकाल

उरलेले चार सामने : ०-०, १-२, २-१, १-१. चार गोल खाल्ले, त्यातला कॉर्नरवर एक. केलेल्या चार गोलांपैकी दोन आपल्याच डेड बॉलवर आले. नऊ सामन्यांत एक विजय, दोन बरोबरी, सहा पराभव, पाच गुण, दहा संघांत नववं स्थान. विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत ०-० आणि पेनल्टींच्या टायब्रेकरवर ३-४ ने बाहेर.

म्हणजे हंगाम हरलेलाच होता. सुधारणा झाली हे खरं, पण समोरचे संघही सारखे नव्हते. शेवटच्या चारांत तळाचे दोन संघ होते, हे धरूनच आकडे वाचावेत.

काय वेगळं करता आलं असतं

सातव्या सामन्याचा निर्णय अजून वादाचा आहे. १-१ असताना दहा मिनिटं राहिली होती आणि प्रशिक्षकांनी बचावातला एक काढून फॉरवर्ड घातला. अडुसष्टाव्या मिनिटाला त्याच मोकळ्या बाजूने गोल झाला. पाच पराभवांनंतर पहिला विजय समोर दिसत असताना जुगार खेळावासा वाटणं समजण्यासारखं आहे. तरी ज्या गोष्टीवर पाच आठवडे घाम गाळला तीच मोडून जुगार खेळला गेला. फॉरवर्डसाठी फॉरवर्डच काढला असता तर दोन ओळी शाबूत राहिल्या असत्या.

डाव्या विंगरला चौथ्या सामन्यात खेळवणं ही उघड चूक. दुखापतीला फक्त दोन आठवडे झाले होते. ‘दुखत नाही’ असं तो म्हणाला, आणि तेवढ्यावर त्याला उतरवलं. चालताना न दुखणं आणि पूर्ण वेगाने धावताना न दुखणं यांत फार अंतर आहे. निदान दोन सरावांत पूर्ण वेगाच्या धावा, अचानक थांबणं आणि वळणं त्रासाशिवाय जमलं असतं तरच नाव यादीत यायला हवं होतं. शीर पुन्हा गेली आणि हंगामही.

टायब्रेकरचा सराव एकदाही झाला नाही. पाच नावं शेवटच्या शिट्टीनंतर, वर्तुळात उभं राहून, ‘कोण मारतंय?’ असं विचारत ठरली. बाद फेरीत खेळणाऱ्या संघाला याला सबब नाही.

पण खरा निर्णय या सगळ्याच्या आधीचा. ३-५-२ चुकलं, कारण विंगर जास्त होते. विंगर जास्त होते, कारण निवड टर्फवर झाली. पाच विरुद्ध पाचच्या डावात चमकतो तो ड्रिबल करणारा. जो मागे उभा राहून आवाज देतो, दहा मीटर आधीच सरकून पास बंद करतो, तो टर्फवर निरुपयोगी दिसतो, आणि साठ मुलांत असे चार-पाच नक्कीच असतील, जे पहिल्याच दिवशी घरी गेले. पावसात मैदान मिळत नाही हे खरं. पण कृत्रिम गवताचं पूर्ण मैदान दोन तासांसाठी एकदा घेतलं असतं, तर निवड अकरा विरुद्ध अकरा झाली असती. त्याचं भाडं वर्षभराच्या टर्फच्या खर्चापुढे फार नव्हतं. निवडीआधीच किती बॅक, किती मिडफिल्डर, किती फॉरवर्ड हवेत हे कागदावर लिहिलं असतं, तरी अकरा विंगर घेताना हात थांबला असता.

पुढच्या वर्षासाठी जिमखान्याने दोन गोष्टी मंजूर केल्या आहेत : जुलैत पूर्ण मैदानावर एक निवडचाचणी आणि प्रत्येक सामन्याला नोंदीसाठी एक राखीव खेळाडू. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरल्यावरच्या मैदानाचं बुकिंग मात्र अजून झालेलं नाही. त्या आठवड्यांत कंपन्यांच्या स्पर्धा सगळे स्लॉट आधीच घेऊन बसतात, त्यामुळे ते जूनमध्ये, कॉलेजचं बजेट यायच्या आधी, आगाऊ रक्कम भरून करावं लागेल. ती रक्कम कोणाच्या सहीने निघणार, यावर प्राध्यापक आणि हिशेब विभाग यांच्यात बोलणी चालू आहेत.